शेडपासून खाटेपर्यंतची वायर

सरक, अशी जवळ सरक, तुझा कान धरायचाय मला. परवा फोनवर म्हणालीस, "काकू, मायला भजनं मोबाईलवर लावून द्या की, एवढ्या वायरी कशाला ओढायल्या?" पोरी, तुझी माय काय नुसती भजन ऐकणारी बाई आहे? ती भजन दुरुस्त करणारी बाई. मोबाईलमधलीला ती कशी टोकणार? म्हणून हे लिहायला बसले. फोनवर तू मधेच "बरं बरं" म्हणतीस अन् ठेवून देतीस.

तुला ठाऊक आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून तुझी माय, आमच्या जाऊबाई, खाटेवर आहेत. गल्लीच्या या टोकाला देवळाचं पत्र्याचं शेड. गुरुवारी चार वाजता आम्ही बायका तिथं बसतो. त्या टोकाला त्यांची खोली. मी चालून मोजलं, शंभर पावलांना पाच कमी. इतक्या लांब टाळ ऐकू जायचे, शब्द जायचे नाय. तेच वाईट झालं. नुसता गलका ऐकून त्या भिंतीकडं तोंड करायच्या. जेवण दोन घासांवर आलं. तुझी वहिनी म्हणायची, "गुरुवारी तर पाणीसुद्धा मागत नायत." मी अक्षरं शिकले ती त्यांच्या भजनाच्या वहीवरून. त्यांनी असं भिंतीकडं बघत पडावं, हे मला बघवेना.

तू पाठवलेला बिनवायरचा स्पीकरचा डबा आधी लावून बघितला, व्हय. हातपंपापर्यंत गायला, पुढं तुटक तुटक बोलायला लागला, अन् खोलीच्या दारात मुकाच झाला.

मग पलीकडच्या गल्लीतल्या गणपतीवाल्यांनी त्यांचा जुना, लहानसा मिक्सर, माईकचे आवाज एकत्र करायचा, आम्हाला दिला. सोबत एक स्पीकर, पोटातच आवाज वाढवायचं मशीन असलेला. त्याला दोनच गोष्टी लागतात, लाईट अन् आवाजाची वायर. मला वाटलं, झालंच की काम! जाऊबाईंच्या खोलीत प्लग एकच, त्यात त्यांच्या हवेच्या गादीचा पंप. म्हणजे लाईटची वायरसुद्धा शेडातूनच न्यायची. दोन वायरी गल्लीत मोकळ्या सोडल्या तर कुणाच्या तरी पायात येणार.

आता माझं माहेर मेंढरांमागं फिरणारं. सिल्लोडच्या अलीकडं आमची मेंढरं बसायची, अन् बाप शेळीच्या केसांचा दोर मांडीवर वळायचा. दोन पदर दिसले की माझे हात गप बसत नायत. दुपारभर बसले अन् त्या दोन वायरींना असा पीळ भरला, असा पीळ भरला, की बघणारीनं म्हणावं, बैल बांधा याला! सगळ्या बायकांनी वाहवा केली.

गुरुवारी सुरू केलं. स्पीकरमधून भजनाच्या आधी एक भुंगा आला. घूंऽऽऽ. आवाज वाढवला की भुंगाही वाढायचा. तुझ्या मायनं वहिनीला म्हटलं, "ती पिठाची गिरणी बंद करा गं." अन् पुन्हा भिंतीकडं तोंड.

रात्रभर मला एकच कोडं. इकडून तर गाणं जातंय, मग हा भुंगा वाटेत कुठून चढतो?

दुसऱ्या दिवशी तो अख्खा दोर खांद्यावर टाकला अन् रिक्षानं जुन्या शहरात गेले. तिथं एक म्हातारे चाचा रेडिओच्या काळापासून दुरुस्ती करतात. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"आपा, ये क्या करे तुम? दो दुश्मनां कू एकच रस्सी में बांध दिए!"

"का हो, सुंदर नाय का झाली?"

"हौ, सुंदर तो भोत है. लेकिन लाईट की तार जो गुनगुनाती, वो आवाज की तार सुन लेती. सौ कदम साथ चलाए तो और क्या होना!"

मी ओशाळले. म्हटलं, म्हणजे पीळ देणंच चूक? चाचांनी कोपऱ्यातून एक निळी वायर काढली. इंटरनेटवाल्यांचं उरलेलं भेंडोळं. मोठ्या कार्यक्रमाची जाड वायर आपल्याला झेपणारी नव्हती, ते त्यांनी माझ्या चपलांवरूनच ओळखलं असेल. त्यांनी तिची साल कापली. आत आठ बारीक तारा, अन् बाई, दोन-दोनच्या जोडीनं पीळ दिलेल्या! अगदी माझ्या बापाच्या हातचा पीळ.

"हे कुणी वळलं?" मी विचारलं.

"कारखाने में तुम्हारे जैसीच कोई आपा होएगी," चाचा म्हणाले अन् हसले.

मी उठायलाच तयार नव्हते. हे असं का, ते सांगा म्हटलं. ते सांगत गेले, मला कळलं ते असं. जोडीतली एक तार गाणं सुलटं नेते, दुसरी उलटं. भुंगा मात्र दोघींवर सारखाच पडतो, कारण त्या एकमेकींना गुंडाळूनच चालतात. शेवटी स्पीकर एवढंच विचारतो, तुमच्या दोघींत फरक काय? भुंगा सारखाच, तो वजा. फरक उरतो तो गाण्याचा. किती साधं! माझा पीळ खरा होता, जोडी चुकली होती.

चाचांनी दोन्ही टोकांना तीन दातांच्या पिना डाक देऊन जोडल्या अन् बजावलं, "लाईट की तार दूसरी दीवार से. बीच में मिले तो आड़ी काटना, साथ नक्को चलाना." म्हणजे भेटल्याच तर फुलीसारख्या ओलांडायच्या, जोडीनं नाय. मग मीच विचारलं, बाकीच्या तीन जोड्या रिकाम्या का? त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कोई उधर से भी बोलने वाला है क्या?"

आहे की! म्हटलं, तिकडं बसलंय ना आमचं परीक्षक!

दुसऱ्या जोडीला त्यांनी माईकच्या पिना लावून दिल्या. शेडात देवळाचा स्पीकर आहेच, खाटेकडचा माईक त्याच्यावरच ऐकवायचा, परत जाऊबाईंच्या स्पीकरला सोडायचा नाय, नाहीतर शिट्टी वाजते.

पुढचा गुरुवार. स्पीकर खाटेच्या पायाशी, माईक उशाशी, दुसरा माईक शेडात माझ्यापुढं. निळी वायर एका भिंतीनं, लाईटची दुसरीनं. आम्ही पहिलं भजन उचललं. भुंगा नाय. पण तिकडूनही काही नाय. दुसरं कडवं अर्ध्यात आलं, अन् आमच्या डोक्यावर, शेडातल्या स्पीकरमधून, ठणठणीत आवाज आला.

"थांबा! पट्टी कुणी चढवली? ए धाकले, तूच असशील. पुन्हा घ्या पहिल्यापासून!"

बायका माझ्याकडं बघत हसून लोळल्या. मला हसू येईना अन् रडूही आवरेना. आम्ही पुन्हा घेतलं. त्या दिवशी त्यांनी तीनदा थांबवलं, अन् शेवटी माईकमध्येच वहिनीला म्हणाल्या, "भाकरी आण गं, घसा सुकला." सगळ्या गल्लीनं ऐकलं.

आता तर भजन संपलं तरी त्या माईक सोडत नायत. परवाच्या गुरुवारी, टाळ पिशवीत भरताना, स्पीकरमधून हळूच आलं, "माझी पोरगी आली का गं तिकडं?"

बारा बायकांनी शेडात ते ऐकलं. एवढी चांगली वायर, अन् तिच्यातून पाठवायला उत्तर नाय आमच्याकडं.

तेव्हा दुसरा डबा पाठवू नकोस. तूच ये. गुरुवारच्या गाडीनं ये, चारच्या आत पोच. खाटेपाशी नंतर जा, आधी शेडात बस, अन् त्यांनी विचारलं की माझ्या माईकवर तूच ओ दे.