डाव्या हाताचा पीळ

मी डावखुरा. तारेला पीळ दिला की तो चारचौघांच्या उलट बसतो. कागदाच्या मिलमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, तिथे कोणीही टेप सोडवली की लगेच ओळखायचा, हा जॉइंट कोणाचा. माझी आणखी एक ओळख होती. सोल्डर मारलेला जॉइंट गार झाला की मी तो ओढून बघायचो आणि वर पुन्हा सोल्डर मारायचो. "आले डबल सोल्डर," म्हणून पोरं चिडवायची. असं का करतो, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

कारण शाहपूर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये, पोटॅशच्या गोण्यांमागे, माझ्या वडिलांची, आप्पांची, जीप उभी होती. चारही चाकांना जोर असलेली जुनी जीप. केळीच्या बागेतल्या चिखलात ट्रॅक्टर फसला की हीच त्याला ओढून काढायची. बावीस वर्षं मी त्या शेडमध्ये खत आणायला जायचो आणि जीपकडे न बघता बाहेर यायचो. तिच्या हेडलाइटकडे बघण्याची माझी छाती नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी आप्पांनी सांगितलं, हेडलाइट लागत नाहीत, जरा बघ. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. स्विचकडून पायाने दाबायच्या डिपरकडे जाणारी वायर तुटली होती. दोन टोकं सोलली, पीळ दिला. सोल्डर मारायचा तर लाइट गेलेली, त्या दिवसांत ती तासन्‌तास जायची. माझं मिलला रेल्वेने अप-डाउन असायचं आणि गाडीची वेळ होत आलेली. मी नुसती टेप गुंडाळली.

"सोल्डर?" आप्पांनी विचारलं.

"संध्याकाळी मारतो. तोवर काही होत नाही."

आप्पा त्या दिवशी डोईफोडियाला आत्याकडे गेले. परतताना, दिवेलागण होऊन गेल्यावर, वळणावरच्या मोरीवरून जीप खाली गेली. दवाखान्यात ते दोन दिवस शुद्धीवर होते. जो येईल त्याला एकच सांगायचे, "रोही आडवी आली." आमच्याकडे नीलगायीला रोही म्हणतात, आणि जंगलाच्या कडेला ती आडवी येतेही. मी हळूच विचारलं, "आप्पा, लाइट होते ना?"

"झकास होते. तुझंच काम ना ते," ते म्हणाले. तिसऱ्या दिवशी गेले.

मोरीखालून काढलेल्या जीपच्या बंपरवर मी रोहीचा एक केस शोधला होता. मिळाला नाही. इंजिन, चाकं सुधारली, पण वायरिंगला मी हात लावला नाही आणि दुसऱ्या कोणाला लावूही दिला नाही. तेव्हापासून डोळा लागता लागता मला एक रस्ता दिसतो आणि त्याच्यावरचा उजेड पटकन जातो. पुढचं काही दिसत नाही. बायकोला सांगितलं होतं की ॲसिडिटीने झोप येत नाही.

गेल्या महिन्यात मी रिटायर झालो. शेड पाडून तिथे खोल्या काढायच्या ठरल्या. जीप भंगारवाल्याला देऊन टाकू, असं मी म्हणालो, आणि माय एकदम उसळली. ऐंशी ओलांडलेली बाई, पण आवाज अजून अंगणभर जातो.

"भंगारात नाही द्यायची. चालू कर तिले. आता तुले कोनती ड्यूटी आहे?"

मग कामाला बसलो. पोटॅशच्या शेजारी इतकी वर्षं उभी राहिल्यावर तांब्याचं काय होतं ते मला ठाऊक होतं, तरी पाहून वाईट वाटलं. वायरींवरचं जुनं कापड बोट लावताच झडत होतं. आत तांबं कुठे काळं, कुठे हिरवं, पितळेच्या भांड्यातल्या दह्यासारखं कळकलेलं. मागच्या दिव्यापासून सुरुवात केली. हॉर्न, वायपर, डायनॅमो, एकेक वायर काढायची, तिच्या मापाची नवी टाकायची, टोकं घासायची. आठ दिवस गेले. डॅशबोर्डखालचा तो वीतभर तुकडा तेवढा मी सोडत राहिलो. माय रोज शेडच्या दारात खाट टाकून बघत बसायची.

नवव्या दिवशी दुपारी दुसरं काही कामच उरलं नाही. पाठीवर झोपून मी आत शिरलो. टेप दगडासारखी झाली होती. ब्लेडने चिरली. आत उलटा पीळ. माझाच. बाहेर ओढायला गेलो तर त्याचा बोटांतच हिरवा भुगा झाला.

त्या संध्याकाळी सुटला होता की नंतर सडला, हे आता जगातला कोणताही इलेक्ट्रिशियन सांगू शकला नसता. बावीस वर्षं ज्या जॉइंटला घाबरलो त्याने स्वतःचा पुरावाच खाऊन टाकला होता. मला असा संताप आला की पक्कड भिंतीवर फेकून मारली.

माय उठून उभी राहिली. "काय झालं?"

मी तळहात तिच्यासमोर धरला आणि सगळं सांगितलं. सोल्डर मारला नव्हता. आप्पांनी विचारलं होतं. मी गाडीच्या घाईत होतो. बोलता बोलता लहान पोरासारखा रडलो.

तिने भुगा बघितला. "नवी वायर टाक," म्हणाली. "सोल्डर मार."

मारला. गार झाल्यावर ओढून बघितला, पुन्हा मारला. दिवेलागणीला बॅटरी जोडली आणि स्विच ओढला. दोन्ही हेडलाइट लागले, समोरच्या केळीच्या पानांपर्यंत उजेड गेला. माय त्या उजेडात जाऊन उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून.

"रोही नव्हती रे," ती म्हणाली.

"काय?"

"रोही आलीच नव्हती. लाइट गेल्ते. मले एकटीले सांगितलं त्यांनी. म्हने, पोरगा रोज चालू करंटमधी हात घालतो. त्याले हे समजलं तं त्याचा हात थरथरीन, आन्‌ हात थरथरला तं त्याच्या जिवावर बेतीन. रोहीच सांगजो सगळ्याले." ती जीपजवळ आली. "तू रिटायर होईस्तोवर थांबली मी. रोज भ्याव वाटे का मीच मरून जाईन पह्यले, आन्‌ सांगायचं राहून जाईन."

म्हणजे आप्पांना माहीत होतं. मायला माहीत होतं. चौतीसपैकी बावीस वर्षं माझा हात एकदाही हलला नाही, कारण ती दोघं गप्प राहिली.

मी स्विच बंद करायला गेलो. डावा हात पुढे केला, पण बोटांना स्विच धरवेना. मायने खिडकीतून आत हात घालून तो हात धरला.

"थरथरू दे आता," ती म्हणाली.