केंद्र, राज्य आणि नानांचा बोगदा

शेवटच्या भेटीत नाना माझ्यावर चिडले होते. शेतातून येताना महामार्गाचा लांबचा वळसा घालून, काठी टेकत, घामाघूम होऊन ते ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, "अहो नाना, महामार्गाखालचा बोगदा बांधून तयार आहे. तोंडाशी चार पिंपं लावलीत तेवढीच. सगळं गाव कडेनं निघून जातं, तुम्हीच का तंगडतोड करता?" त्यांनी चष्म्यातून असं पाहिलं, की मी पुन्हा सातवीच्या वर्गात जाऊन उभा राहिलो. "उद्घाटन व्हायचंय अजून. तू सरकारी नोकर ना रे? लाज नाही वाटत असं सांगायला?" ... पंधरवड्यातच मला नोकरीच्या गावी, धुळ्याला, फोन आला. सकाळी चहा घेता घेता नाना गेले होते.

नाना माझे मामा, पण सगळं गाव नाना म्हणे म्हणून मीही. हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचे. मी राज्याच्या बांधकाम खात्यात लागलो तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारणंच सोडलं. दारात पाऊल ठेवलं, की आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, "अक्का, चहा टाक. राज्य आलं." अक्का म्हणजे आमची मामी. पाहुण्यांदेखत हे ऐकताना मला कानकोंडं व्हायचं, आणि तेच तर त्यांना हवं असायचं. मग चहाबरोबर वाद. राज्यांच्या हातात जास्त असावं हे त्यांचं ठाम मत, पण मी केंद्राला नावं ठेवायला लागलो की लगेच उलटायचे. "केंद्र नसतं तर हा रस्ता प्रत्येक गावाच्या वेशीशी भांडत बसला असता. दोघं हवेत रे. फक्त दोघांनी मिळून माणसाला चेंगरू नये."

हे नुसतं बोलणं राहिलं नाही, कारण महामार्ग रुंद झाला आणि गाव एकीकडे, शेतं दुसरीकडे झाली. चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडताना अक्काला मोटारसायकलीनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. चालायला लागली तशी ती पुन्हा त्याच रस्त्यावर. दुसरा जवळचा रस्ता होताच कुठे? नानांनी त्याच आठवड्यात बोगद्यासाठी अर्ज केला. महामार्गवाले म्हणाले, बोगद्याला जोडणारा गावचा रस्ता राज्याचा, आधी तो ठरू द्या. आमच्या खात्यातले म्हणाले, महामार्ग केंद्राचा, आम्ही त्याला हात कसा लावणार? वर्षानुवर्षं नाना दोन्ही दारांत उभे राहिले. माझ्या साहेबांकडे मी शब्द टाकतो म्हटलं, तर म्हणाले, "वशिल्यानं मिळालं तर ते गावाचं कसं होईल?" हेकट माणूस!

मग एका हिवाळ्यात त्यांनी दोन्हीकडच्या साहेबांना शेतात भरीत खायला बोलावलं. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. खानदेशात भरिताला नाही म्हणणारा साहेब अजून जन्मायचा आहे. दोघे गावाच्या बाजूला उतरले. समोर, रस्त्यापलीकडे, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा धूर दिसतोय, वांगी भाजल्याचा वास येतोय, आणि भरधाव गाड्यांतून पलीकडे जायची हिंमत कुणाची होत नाही. शेवटी पार पुढच्या पुलाखालून फिरून आले तेव्हा भरीत गार, पुऱ्या चिवट. नानांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि हात जोडून म्हणाले, "गार झालं, माफ करा. अक्काला रोज असाच उशीर होतो." बोगद्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी मात्र खाली मान घालून जेवत होतो. त्या उन्हाळ्यात दोन्ही खात्यांनी मिळून पाहणी केली.

बोगदा झाला, जोडरस्ता झाला, आणि घोडं उद्घाटनावर अडलं. केंद्राचे मंत्री मोकळे तेव्हा राज्याचे नाहीत, राज्याचे मोकळे तेव्हा केंद्राचे नाहीत. पिंपं तशीच. अन् ज्यानं बोगदा आणला तोच एकटा वळसा घालत होता...

स्मशान शेतांच्या बाजूला, नाल्याकाठी. तिरडी बोगद्याशी आली आणि खांदेकरी थबकले. इतर कुणाचं प्रेत असतं तर केव्हाच आत गेलो असतो, पण नानांना नियम मोडून न्यायचं कसं? लांबून जाऊ, असं कुणीतरी पुटपुटलं. आमच्याकडे बायका प्रेताबरोबर वेशीपर्यंत, म्हणजे तिथपर्यंतच येतात. अक्का लंगडत पुढे आली आणि म्हणाली, "यास्नी बठ्ठा जलम परवानगी मांगामा काढा. आते कोनाकडे मांगशात?"

खरंच, सगळा जन्म त्यांनी परवानगी मागण्यातच काढला होता. पहिलं पिंप मी सरकवलं. नाना बोगद्यातून गेले.

पिंपं परत कुणी लावली नाहीत. अक्का आता रोज तिथूनच शेतात जाते. उद्घाटनाची तारीख अजून ठरायची आहे.