जयवंताचं ताट

जयवंताच्या घरात भांडी पुष्कळ होती, पण तिचं असं ताट नव्हतं. उमरेडकडच्या त्या गावात ती नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी शिकवलं : नवरा ज्या ताटात जेवला त्याच ताटात बाईनं मागून बसावं, वेगळं ताट मांडणारी बाई घर फोडते. सासू जाऊन वर्षं लोटली. घर काही फुटलं नाही आणि ताटही काही आलं नाही. शालिकराम जेवून उठला की ती त्याच ताटापुढं बसायची. माणूस तसा भला. भाकरीचा चतकोर, वांग्याची एखादी फोड तो तिच्यासाठी राखून ठेवायचा. त्यालाच तो माया समजत आला, आणि तीही. दिवसभर मिरचीचे देठ खुडून तिचे हात भाजलेले असत. थंड अन्न त्या हातांना बरंच वाटतं, असं ती म्हणायची. जन्म काढायचा म्हटलं की माणूस आपली समजूत आपणच घालतो.

पोरीची समजूत मात्र पटत नव्हती. दामिनी नागपुरात शिकली, सदरला एका ऑफिसात लागली, हुडकेश्वरला खोली करून राहिली. दर फोनला तिचं एकच पालुपद.

"आई, एक डाव तरी बाबाच्या बरोबरीनं जेव. तुह्या ताटात, गरम गरम."

"जेवीन वं."

"घरी नाही व्हायचं तुह्यानं. मी हॉटेलातच नेईन तुमाले. तिथं सगळ्याइले संगच वाढतेत."

तसं तिनं एका रविवारी दुपारी दोघांना नेलं. सदरच्या एका गल्लीतलं लहानसं इटालियन हॉटेल. पिवळसर उजेड, लाकडी टेबलं, भिंतीवर समुद्राकाठच्या कुठल्याशा गावाचं चित्र. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत पायाखालची फरशीसुद्धा गार. जयवंतानं पदर सावरला आणि ती नवऱ्याच्या समोर बसली. तिनं मनाशी धरलं होतं, आज खायचं. पोरीची हौस पुरवायची म्हणून नव्हे. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर घेतलेला गरम घास कसा लागतो, हे तिला मरायच्या आधी एकदा पाहायचं होतं.

दामिनीनं बाबांसाठी पिझ्झा सांगितला, आईसाठी पांढऱ्या सॉसमधला पास्ता. "यात मिरची नाही टाकत, आई. तुहे हात सुटले आज मिरचीतून."

पास्ता आधी आला. वेटरनं तो जयवंतापुढं ठेवला. पोकळ नळ्या, दाट पांढरा रस्सा, वर वाफ. शालिकरामच्या पुढ्यात अजून काहीच नव्हतं. जयवंताचा हात आपोआप पुढं झाला आणि तिनं ताट त्याच्याकडं सरकवलं. दामिनीनं ते परत ओढलं.

"हे तुहं आहे."

"त्याइचं आलं नाही अजून."

"येते ना. तू खाय."

"खाय ना," शालिकराम म्हणाला. "कोणं हात धरला तुहा?" आणि तो भिंतीवरचं चित्र पाहू लागला.

तिनं काटा उचलला. एक नळी ओठांपर्यंत नेली. वाफ नाकाला लागली, लोण्यासारखा वास आला. तेवढ्यात पिझ्झा आला. तिनं काटा खाली ठेवला, पिझ्झाचा तुकडा सोडवला, त्यावरची काळी फळं बोटानं बाजूला केली आणि नवऱ्याच्या ताटात वाढला.

"हे तं गोवऱ्याइवर भाजलेला कणकेचा पानगाच होय," शालिकराम खाता खाता म्हणाला. "पानग्याले दुधाची साय फासली यायनं."

दामिनी हसली. जयवंताही हसली. पण काटा तिनं पुन्हा उचलला नाही. तिची भूक तिला ऐकू येत होती, आणि हात मांडीवर पडून होता, कुणी दुसऱ्याचा असावा तसा.

"आई, खाय."

"खाईन ना. त्याइचं होऊ दे."

रश्श्यावर साय धरली. नळ्या एकमेकींना चिकटल्या. शालिकरामचं जेवण झालं. पिझ्झाच्या कडक कडा त्याच्यानं चावल्या नव्हत्या. त्या त्यानं नीट एका बाजूला लावल्या आणि ताट तिच्याकडं सारलं. "घे, तुह्यासाठी ठेवल्या." आवाजात खरोखरच माया होती. जयवंतानं एक कड उचलली आणि चावू लागली.

वेटर आला. तिच्या भरल्या ताटाकडं पाहून म्हणाला, "काकू, गरम करून आणू का?"

"राहू द्या," शालिकराम म्हणाला. "तिले थंडंच चालते."

तो हात धुवायला उठून गेला. दामिनीचा चेहरा लाल झाला होता. बाप दूर जाईपर्यंत ती थांबली आणि मग आईवर तुटून पडली.

"तुले उष्टंच गोड लागते, आई. मी किती जीव टाकला. पण तुलेच नाही सुधरायचं. तुह्यासारख्या बायकाइनंच हे सगळं चालवून ठेवलं."

जयवंतानं कड खाली ठेवली.

"तुह्या बापाले काहून नाही म्हटलं?"

"त्याइले?" दामिनी अडखळली. "ते ऐकतेत का कोणाचं?"

"म्हणजे मी ऐकून घेतो म्हणून मले." जयवंताचा आवाज चढला नाही. "तुही आजी बी मलेच बोले. तुहा बाप बी मलेच सांगते. आता तू बी शिकली."

दामिनीनं मान खाली घातली. मोबाइल हातात घेतला, पालथा ठेवला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "पॅक करून घेऊ का, आई? घरी गरम करून खाशीन."

"नोको बांधू," जयवंता म्हणाली. "घरी नेलं तं हे तुह्या बापाले वाढीन, आन् मग मी बसीन."

शालिकराम रुमालानं हात पुसत आला. "झालं का? चाला, बस हुकन."

जयवंता उठली आणि त्याच्या मागं चालू लागली. टेबलावर तिचं ताट भरलेलंच राहिलं.