थांबायला शिकवणाऱ्या मॅडम

मुंबईहून जव्हारला येणाऱ्या त्या मॅडम बालवाडीच्या बाईंना एकच गोष्ट शिकवायच्या: ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला थांबायला शिकवा. हाक मारली की मनात दहा मोजा, मूल वळेपर्यंत गप्प राहा. एवढं सांगून त्या विचारत, "कळलं?" आणि कोणी मान हलवायच्या आत स्वतःच म्हणत, "कळलं." मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांचे कागद लिहायला मला बसवलं होतं. त्यांचा मला राग येई, पण मी खाली मान घालून लिहीत राही.

एकदा प्रात्यक्षिकासाठी जामसरची एक आई आली. तिची पाच वर्षांची मुलगी सगळ्यांकडे पाठ करून चिंचोके मांडत होती. आईने नाव न घेता जिभेने टक् टक् केलं, कोंबड्यांना दाणे टाकताना करतात तसं. मुलीचा हात थांबला. मान हळूहळू वळू लागली. मी मोजत होते. सहा झाले होते.

मॅडमनी टाळी वाजवली. "अगं, कोंबडी आहे का ती? नावाने हाक मार. शुद्ध बोल!"

बालवाडीच्या बाई हसल्या. मुलीने दोन्ही कान झाकून घेतले.

"मॅडम, ती वळत व्हती," आई म्हणाली. "घरी अशीच येते माझ्याकडं."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "लिही," त्या मला म्हणाल्या, "आई सूचना पाळत नाही."

 मी ते इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं.