दोन डेलिया

कलासमितीची बैठक अकराला होती आणि घड्याळात दहा वाजले होते. प्रकाशनगृहाच्या तळमजल्यावर लोकांचे कोट सांभाळणारी स्तोयना काउंटरवर पसरलेली चित्रं एकेक करून बघत होती. शेवटचं चित्र बघून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि गुपचूप छातीवर क्रूस काढला.

"काय झालं गं?" युर्दाना काल्पाकोवाने विचारलं.

"कुठे काय. छान काढलीयस."

"स्तोयना, वीस वर्षं तुझ्या हातात कोट देतेय मी. थापा मारू नकोस."

"मग तूच बघ ना! मास्तरीणबाईंच्या हातातली फुलं मोज."

युर्दानाने मोजली. सहा. पुन्हा मोजली, तरी सहाच. आमच्या सोफिया शहरात शेंबडं पोरसुद्धा फुलवालीकडून फुलं मोजून घेतं. एक, तीन, पाच, सात जिवंतांना. दोन, चार, सहा मेलेल्यांना. आणि हिने शाळेच्या पहिल्याच दिवशी मास्तरीणबाईंचं मयत केलं होतं!

चूक झाली होती ती चांगुलपणातून. गोष्टीतली नेदा शाळेच्या पहिल्या दिवशी सात डेलिया घेऊन निघते. ती घाबरलेली असते. ट्रामवाली बाई तिला हसवते, म्हणून नेदा तिला एक फूल देते. उरली सहा. पुढच्या तीन चित्रांत पोरगी मेलेल्याचा गुच्छ मिरवत शाळेत जाते. महिनाभर युर्दाना त्या फुलांच्या पाकळ्या रंगवत होती, पण फुलं मोजायचं काही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर तिने चित्रं उद्यावर ढकलली असती. पण हे तिचं स्वतःचं होतं. तीस वर्षांत एकेचाळीस पुस्तकांची चित्रं तिने काढली, सगळी दुसऱ्यांच्या गोष्टींची. कुणी म्हणालं देवळावरचा क्रूस पुसा, तिने पुसला. एका अस्वलाचं पोट तीनदा आत घेतलं, कारण समितीतल्या कुणाला तरी ते वरच्या कुणा साहेबासारखं वाटलं. स्वतःची गोष्ट घेऊन ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा अध्यक्ष हारालांपी तोंचेव म्हणाले, "हात चालतो म्हणून डोकं चालतं असं नसतं, कॉम्रेड." एप्रिलमध्ये ती निवृत्त होणार होती. त्याआधीची ही शेवटची बैठक. आज नाही तर कधीच नाही.

"रंग आहेत जवळ?" स्तोयनाने विचारलं.

"पिशवीत आहेत. ट्रामवालीला दोन देते. म्हणजे उरतील पाच."

"दोन? अगं, ती बाई जिवंत आहे ना! ट्राम चालवतेय!"

युर्दानाला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तीन दिली तर चार उरणार. सातातून जिवंत माणसाला कितीही द्या, कुणाच्या तरी हातात मयताची फुलं राहणारच. साडेदहा झाले होते.

स्तोयना पुढच्या चित्रावर बोट ठेवून उभी होती. त्यात एक हिरवं दार होतं आणि नेदा त्याच्यावरून चालली होती.

"आमचा म्हातारा वासिल जाऊन सहा महिने झाले, रीतीप्रमाणे त्याच्या मरणाची काळ्या काठाची चिठ्ठी परवाच घराच्या दाराला लावली मी," ती म्हणाली. "येणारे जाणारे वाचतात नि पुढे जातात. इथे ठेव की दोन."

युर्दानाने रंगांची डबी उघडली. ट्रामवालीच्या हातातलं फूल गेलं, नुसतं हसू राहिलं. हिरव्या दारावर काळ्या काठाचा कागद आला. त्याच्या खाली कडीत खोचलेल्या दोन डेलिया. ट्रामनंतरच्या त्या तिन्ही चित्रांत गुच्छातलं एकेक फूल पानांआड गेलं, उरली पाच. मजकुरात एकच ओळ वाढली: 'नेदाला वाटलं, या आजोबांना कुणी फुलं दिली नसतील.' रंग ओला असतानाच वरून हाक आली.

समितीने चित्रं हातोहात फिरवली. कुणी मान डोलावली, कुणी तोंचेवच्या तोंडाकडे बघत बसलं. तोंचेव हिरव्या दारापाशी थांबले.

"लहान मुलांच्या पुस्तकात मयत?"

"मुलं रोज अशा चिठ्ठ्या लावलेल्या दारांवरून शाळेत जातात, कॉम्रेड तोंचेव."

"जाऊ देत. पुस्तकात नको. बाकी गोष्ट बरी आहे. खरंच बरी आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "कागद आणि फुलं तेवढी पुसा, सातच्या सात मास्तरीणबाईंना द्या, मी आत्ता सही करतो."

युर्दानाचा हात सवयीने पिशवीत गेला. ब्रश बाहेर आला, पाण्यात बुडला, दारापर्यंत पोचलाही. ती एक सही हवी म्हणून तिने तीस वर्षं घालवली होती आणि ती वीतभर अंतरावर होती. ब्रशाच्या टोकाला थेंब जमला.

"दुसऱ्यांच्या गोष्टीत मी सगळं पुसलं," ती म्हणाली. "ही माझी आहे. नाही पुसणार."

तोंचेवनी टोपण लावलं.

खाली स्तोयनाने तिचा कोट धरला आणि तोंडाकडे बघूनच ती काय ते समजली. "वेडी आहेस का गं! माझ्या म्हाताऱ्यापायी? पुसायचीस की! त्याला काय कळणार होतं?"

युर्दानाने कोट अंगात घातला. एप्रिलमध्ये ती घरी बसली. चित्रं तिने स्वतः शिवली, पुठ्ठा चिकटवला आणि ती एकुलती एक प्रत स्तोयनाच्या घरी नेऊन दिली. स्तोयनाची नात अजून शाळेत जात नाही, तिला अक्षर येत नाही. पण हिरव्या दाराचं पान आलं की ती कुणाला पान उलटू देत नाही. फुलांवर बोट ठेवून ती मोजते, एक, दोन, आणि म्हणते, "ही आपल्या आजोबांची."