अप्पांच्या डब्यातलं पेट्रोल

नांदेडहून लातूरला मी मोटारसायकलवर गेलो, तेव्हा लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्या प्रवासाचं वर्णन मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. नांदेडच्या एका साप्ताहिकात ते छापून आलं आणि लोकांना फार आवडलं. त्यात एक गोष्ट खोटी होती. म्हणून तोच प्रवास आता पुन्हा लिहितो आहे.

मागच्या सीटवर शेजारचे शिवलिंगअप्पा होते. त्यांचा नांदेडात करडईच्या तेलाचा घाणा (बी दाबून तेल काढायचं यंत्र) होता. गिऱ्हाईक समोर उभं असताना ते तेल गाळून देत. नवा जिल्हा झाला, आता लातूरच्या गंजात (धान्य-तेलबियांच्या बाजारात) घाणा टाकायचा, असं त्यांच्या मनात होतं. तिथले त्यांचे व्याही व्यापाऱ्यांशी गाठ घालून देणार होते. मी शाळेत मास्तर, शाळेला सुट्टी होती आणि माझ्याकडे गाडी होती.

गाडी जुनी, एका सिलिंडरची. दुष्काळामुळे रस्त्यावर मातीच माती. टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं, त्यातून धूळ आत जात असेल असं मला वाटलं. आदल्या संध्याकाळी मी सायकलच्या ट्यूबची गोल चकती कापून झाकणाखाली घट्ट बसवली. काम सुबक झालं होतं. सकाळी पंपावर पाण्याच्या टँकरांची रांग लागे, म्हणून अप्पांनीही आदल्या दिवशीच आपल्या धुतलेल्या डब्यातून पेट्रोल आणून ठेवलं होतं. ते टाकीत काठोकाठ ओतलं आणि निघालो.

लोहा मागे पडलं आणि गाडी अडखळू लागली. दोन-तीन आचके देऊन बंद पडली. मी झाकण उघडलं. फुस्स आवाज झाला.

"उन्हानं गॅस धरलाय," अप्पा म्हणाले. "माझ्या डब्याचं झाकण बी असंच करतंय."

टाकीत पेट्रोल होतं. प्लग पुसला, किक मारली, गाडी सुरू. प्लगच खराब होता, असं आम्ही ठरवलं.

माळाकोळीला पुन्हा तेच. तिथल्या मिस्त्रीनं आधी झाकण उघडून आत डोकावून पाहिलं, मग कार्बोरेटर सोडवला, त्यातलं पितळी जेट तोंडात धरून फुंकलं. "जेट में कचरा आया था भाई," तो म्हणाला. "अब लातूर तक मत देखो." गाडी एका किकेत चालू झाली. त्याच्या कौशल्यावर आम्ही खूश झालो.

पुढे बालाघाटाचे उघडे डोंगर लागले. ज्वारीची धसकटंसुद्धा रानात उरली नव्हती, ती गुरांनी खाल्ली होती. अहमदपूरच्या अलीकडे गाडी तिसऱ्यांदा थांबली. ढकलत गावात आणली. तिथल्या मिस्त्रीनंही आधी झाकण काढून पेट्रोल बघितलं. मग पेट्रोलची नळी बदलली आणि वर सल्ला दिला की कार्बोरेटर तापतोय, त्याला ओलं फडकं गुंडाळा.

जवळच टँकरची वाट बघत बायका घागरी मांडून बसल्या होत्या. मी हॉटेलवाल्याकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्या बायकांतली एक उठून उभी राहिली.

"काय वं दादा, माणसाला न्हाई आन फटफटीला पाणी?"

"बाई, थोडंसंच. गाडीला ताप आलाय," अप्पा म्हणाले.

"मंग दवाखान्यात न्या की तिला! सुई मारतील."

सगळ्या बायका हसल्या. आम्ही कोरड्या फडक्यानिशी निघालो. हॉटेलात धपाटे आणि ठेचा खाल्ला होता, पाणी अर्धा पेलाच मिळालं होतं. उन्हात तो ठेचा बराच वेळ आठवत राहिला.

चाकूरजवळ गाडी बंद पडली तेव्हा दुपार उतरायला लागली होती. अप्पांनी सकाळपासून एकदाही तक्रार केली नव्हती. आता ते सारखे रस्त्याकडे बघत होते. व्याह्यांच्या दुकानात माणसं दुपारपासून थांबलेली असणार. इथल्या मिस्त्रीनं टाकीत बोट बुडवलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"पेट्रोल कशात आणलंव?"

"माझ्या डब्यात," अप्पा म्हणाले.

"घासलेट हाय ह्यात. लई न्हाई, पर हाय."

"माझ्या डब्यात? मी तेल गाळतो बाबा. माझ्या डब्याला दुसरं काही शिवत न्हाई."

"डबा तुमचा असंल. आतलं कुणाचं हाय, मी काय सांगू?"

त्यानं टाकी रिकामी केली, ते पेट्रोल सुटे भाग धुवायला स्वतःकडे ठेवून घेतलं आणि आपल्या बाटलीतलं थोडंसं ओतलं. लातूरपर्यंत पुरेल एवढंच. आणि खरोखरच गाडी लातूरपर्यंत कुठेही न थांबता गेली. मी मागे वळून म्हणालो, "अप्पा, घासलेटच होतं म्हणायचं!"

लातूरला डाळीच्या गिरण्यांचा पिवळसर भुगा हवेत होता. सरकारी कचेऱ्यांवर नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. व्याह्यांच्या ओट्यावर चार-पाच व्यापारी बसले होते. "शरणार्थ, शरणार्थ" (लिंगायतांचा नमस्कार) झालं आणि कुणीतरी उशिराचं कारण विचारलं. अप्पा तोंड उघडणार तेवढ्यात मी सुरू झालो. बायकांचा टोमणा सांगितला, मिस्त्री सांगितले, आणि शेवटी बोट हुंगायची नक्कल करून "घासलेट हाय ह्यात" म्हणालो. ओटा हसून लोटपोट झाला. एकानं अप्पांची बाही नाकाला लावली.

"काय अप्पा, करडईत बी जरा घासलेट मारता काय?"

अप्पाही हसत होते. ते मध्येच थांबले.

दुसऱ्या दिवशी ते लातूरला राहिले आणि मी एकटा परत निघालो. लातूरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. शिरूर ताजबंदच्या अलीकडे गाडी अडखळली आणि बंद पडली. अप्पांचा डबा आता नव्हता. मी रस्त्याकडेला बसलो, मग झाकण अगदी हळू सैल केलं. फुस्स झालं. झाकणाच्या कडेला धुळीचा थर होता. गॅस बाहेर येत असता तर ती धूळ बाहेर उडाली असती. ती आत ओढली गेली.

हवा आत जात होती. माझ्या चकतीनं छिद्र बुजलं होतं, त्यामुळे पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होऊन ते अडायचं. प्रत्येक मिस्त्री आधी झाकण उघडून बघत होता, त्यानंच गाडी सुरू होत होती. चाकूरहून टाकीत पेट्रोल कमी आणि हवा भरपूर, म्हणून लातूर गाठलं. मी चकती ओरबाडून काढली. तिथून नांदेडपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

हे सगळं कळल्यानंतर मी ते वर्णन लिहिलं. लातूरला ओटा कसा हसला होता ते कानात होतं. चकतीची गोष्ट सांगितली असती तर हसू माझं झालं असतं. मी घासलेटच लिहिलं, आणि अप्पांचं नावही लिहिलं.

ते 'घासलेट अप्पा' झाले. लातूरला त्यांनी दुकान घातलं, पण घाण्यावरचं सुटं तेल घ्यायला आलेलं माणूस आधी डबा हुंगे. वर्षभरात त्यांनी घाणा विकला आणि दुसऱ्यांच्या गिरणीचे सीलबंद डबे ठेवू लागले. पुढे जन्मभर तेच विकले.

गेल्या महिन्यात मी एसटीनं लातूरला गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. अप्पा खाटेवर बसून होते. शांतपणे ऐकलं.

"मला कशाला सांगायलात मास्तर? पेट्रोल मीच आणलं होतं. त्यात घासलेट न्हाई, मला ठाव होतं."

"अप्पा, माफी मागायला आलो."

"सून आणली तवा तिच्या बापानं विचारलं, ते घासलेटवाले तुमीच का? त्याला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो आता न्हाई." मग म्हणाले, "चहा घ्या. आन जे हाईत त्यांना सांगा. एकेकाला."

नांदेडला उतरलो तर स्टँडवर जुना सहकारी भेटला. त्याच्यासाठी रिक्षा थांबली होती.

"कुठून?"

"लातूरहून. अप्पांकडून."

"कोण, घासलेट अप्पा?" तो हसला. आजवर या प्रश्नाला मीही हसून मान हलवत आलो होतो.

"शिवलिंगअप्पा," मी म्हणालो, आणि त्याचा हात धरून, चकती कापली तिथपासून सगळं सांगितलं. रिक्षावाला कंटाळून निघून गेला. सहकाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "तुझी पहिली गोष्ट जास्त रंगायची."

रंगायची खरी. हिच्यात कुणी हसत नाही. तरी आता ज्यांना ज्यांना ती पहिली ठाऊक आहे, त्यांना गाठून मी हीच सांगणार आहे.