सावली-सावलीनं

मोठ्या मामींना उन्हाची भीती नव्हती, राग होता. मेहकरजवळच्या त्या गावात मामांची जमीन सगळ्यात जास्त, पण मामींनी बांधावर कधी पाय ठेवला नाही. देवळात जायच्या तेही उजाडायच्या आत, डोक्यावरून पदर ओढून. कोणी निघालं की दारातून हमखास बजावायच्या, "सावली-सावलीनं जाय, माय." आम्ही भाच्या त्यांची नक्कल करून हसायचो.

चाळिशीतच त्या चौकट धरून उठू लागल्या. मांड्या दुखायच्या, दोन पायऱ्या चढणंही जिवावर यायचं. विचारलं तर म्हणत, "वात हाये तो. आपल्या घरच्या बायकायले असतोच." हेही जरा तोऱ्यातच.

सून वर्षा आली, तिच्यावरही तोच पहारा. दिवस राहिले तेव्हा तर अंगणही बंद. "ऊन लागलं त लेकरू काळं होईन," हे त्यांचं शास्त्र. वर्षाचे पाय ठणकायचे. ती गप्प बसली आणि मीही बसले, याची मला आजही लाज वाटते.

बाळ दोन महिन्यांचं होतं. मी तिथंच होते. भर दुपारी त्याचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. शेजारीण म्हणाली, दृष्ट काढा. मामींनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेतल्या, तेवढ्यात दुसरा झटका आला. ती मूठ तशीच आवळून त्या जीपमध्ये बसल्या. मेहकर येईपर्यंत वर्षा बाळाला हाका मारत होती आणि ते निळं पडत चाललं होतं.

सलाईन लागलं, झटके थांबले. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, "आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व नाही, तर लेकराला कुठून मिळणार? त्यानंच कॅल्शियम उतरलं, झटके आले. ही बाई उन्हात जाते की नाही कधी?"

मामींच्या मुठीतलं मीठ घामानं विरघळलं होतं. "माह्यामुळं झालं," एवढंच त्या बोलल्या.

बाळ घरी आलं, डॉक्टरांचे थेंब सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी मामींनी अंगणात, अगदी रस्त्यासमोर, बाज टाकली. वर्षाला बसवलं, शेजारी स्वतः बसल्या आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. जाणारे-येणारे थबकले.

"पाहून काय राह्यले? ऊन घेऊन राह्यलो आमी!" मामी ओरडल्या.

बाळ सावरलं. मामींची हाडं मात्र फार आधीच ठिसूळ झाली होती. पुढच्या हिवाळ्यात न्हाणीत जराशा घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. त्या पुन्हा उठल्याच नाहीत. शेवटचं भेटून निघताना मी सवयीनं दारात थांबले. बाजेवरून त्यांनी हात हलवला.

"जाय, माय. सावलीनं जाऊ नोको."